दुसरा अर्ज

मुलाला मी आयुष्यभर उपदेश केले आणि त्याने एकही ऐकला नाही. ऐकला तो एकच, तोही तुरुंगात गेल्यावर. नेमका तोच ऐकायला नको होता.

दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्या हातून एक माणूस गेला. शिक्षा झाली, आणि तुरुंगात त्याने मांसाहार सोडला. आमच्याकडे रविवारचं मटण ठरलेलं, त्यामुळे मला हे नवीन खूळ वाटलं. भेटीत मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, आय किल्ड अ मॅन. आता प्लेटमध्ये तरी मेलेलं काही नको." देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही, पण एवढं कळलं.

तिथल्या बीन्समध्ये डुकराची चरबी, भातात चिकनचं पाणी. तो पाव आणि पीनट बटरवर राहू लागला. दर भेटीला शर्टाचा गळा आणखी सैल दिसायचा. शाकाहारी जेवणासाठी त्याने अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग पंधरा दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे दुसरा अर्ज करायचा असतो. करू का, असं त्याने फोनवर विचारलं.

इथे टेक्सासमध्ये, अर्विंग शहरात मी इतकी वर्षं नोकरी केली ती मान खाली घालून. व्हिसाच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही हे अंगवळणी पडलं, ते ग्रीन कार्ड आल्यावरही सुटलं नाही. मी म्हणालो, "कशाला त्यांच्या डोळ्यांवर येतोस? गप्प राहा, सरळ वाग, लवकर सुटशील." बायको शेजारून सांगत होती की त्याला लढू दे. मी तिला हातानेच थांबवलं.

पुढे उपासमार सोसेना तेव्हा त्याने फेडरल कोर्टात दावा लावला. वकील नाही, सगळं स्वतः हाताने लिहिलेलं. कैद्यालाही आपला धर्म पाळायचा हक्क आहे, असं त्यात शांतपणे मांडलं होतं. मी ते तीनदा वाचलं. त्याचा मला अभिमान वाटला, आणि असं वाटायची बरीच वर्षं सवय राहिली नव्हती.

निकाल टपालाने आला. तुरुंगातल्या तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण केल्याशिवाय कोर्टात येता येत नाही, म्हणून दावा फेटाळला होता. त्याच्या श्रद्धेबद्दल एक ओळ नाही, न्यायाधीश तिथवर पोचलेच नव्हते. दुसरा अर्ज का केला नाही, याचं त्याने दिलेलं कारण मात्र होतं: वडिलांनी नको म्हटलं. घरच्यांचा सल्ला ही सबब चालत नाही, असं त्याखाली लिहिलं होतं. त्याच्या तोंडचा घास मीच काढला होता.

पण पहिल्यापासून पुन्हा अर्ज करता येत होता. मी नियम पाठ केले, मुदती लिहून काढल्या आणि माफी मागायची ठरवून शनिवारी तीन तास ड्राइव्ह करून गेलो. तो काचेपलीकडे येऊन बसला. गाल भरले होते. इतक्या महिन्यांनी त्याला असं बघून मला भरून आलं, आणि माफीच्या आधी तेच तोंडून निघालं, तब्येत छान झाली रे तुझी.

तो फोन कानाला लावून खाली बघत म्हणाला, "आता सगळं खातो, बाबा. यू वेअर राइट. गप्प राहिलेलं बरं."