तिचं नाव विचारणारी खोली

जळगावच्या कॉलेजातली ती खोली मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आठवते. खिडक्यांना जाड पडदे, भिंती पांढऱ्या, एसीची बारीक घरघर. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत हिवाळा. मॅडमनं माझ्या कानावर हेडफोन चढवला आणि जग बंद झालं.

आमची ही जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पोरगा नाशिकला नोकरीला. तो म्हणे, आबा, तुम्ही धरणगावला एकटे, एखाद्या दिवशी गॅस चालू राहिला तर? एक मॅडम म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर अभ्यास करतात, तिथं जाऊन या. चांगलं निघालं तर राहा घरी. नाही तर घराला कुलूप, आणि माझ्याकडे चला. हा अभ्यास आहे, दवाखान्याची तपासणी नाही, असं मॅडमनं त्याला बजावलं होतं. पण पोरगा हट्टी. माझाच आहे.

घराला कुलूप म्हणजे तिला आत कोंडणं. तिनं सारवलेल्या चुलीजवळ अजून तिच्या बोटांचे वळसे दिसतात. ते सोडून मी पोराच्या सातव्या मजल्यावर काय बघत बसू?

समोर पडदा होता. त्यावर पोरानं पाठवलेले फोटो येणार. चित्र दिसलं की नुसतं नाव बोलायचं, दुसरं काही नाही. बोललो नाही तर थोड्या वेळानं घंटी वाजते आणि पुढचं चित्र येतं. भाऊ आला, नाव सांगितलं. पोरगा, सून, नात, सगळी सांगितली. मग ती आली. लग्नातली, कपाळावर मुंडावळ्या. मी गप्प. घंटी वाजली. मग कापसाच्या वावरात, कमरेला ओटी बांधलेली. घंटी. मग पिकल्या केसांची, हसताना तोंडावर पदर धरलेली. पाच वेळा ती आली आणि पाच वेळा मी नुसता पाहत राहिलो. त्या थंडीत मला कपाशीच्या पानांचा वास येत होता. ती ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती, पांढरं वेचत माझ्याकडे येत होती, आणि प्रत्येक वेळी घंटी तिला माघारी पाठवत होती.

कागदावर आलं, जवळच्या माणसांची आठवण कमी. मी हरकत घेतली नाही म्हणून मॅडमनं तो कागद पोराला दाखवला. त्याचा लगेच फोन. "आबा, बॅग भरून ठेवा."

मॅडमच्या अभ्यासाचा अर्धा भाग राहिला होता. खोलीत विचारलं तेच घरी येऊन विचारायचं, आणि माणूस कसा वागतो ते बसून पाहायचं. पुढच्या आठवड्यात मॅडम धरणगावला आली, ओट्यावर बसली. मी म्हटलं, "एकदा नापास केलं ना? आता काय राहिलं?"

ती हसली. "आबा, खोलीत सगळ्यांना उजेड सारखा, आवाज सारखा, प्रश्न सारखा. फरक पडला तर कशानं पडला ते सांगता येतं. पण माणूस काही खोलीत राहत नाही."

"म्हणजे भुईमुगाचं बी," मी म्हटलं. "पेरायच्या आधी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आम्ही. तिथं मोड नाही आला तर दोष बियाचाच. वावरात नाही उगवलं तर बी वाईट, पाणी कमी, का खारीनं उकरलं, भांडत बसा. पण म्हणून कोणी गोणपाटात पीक घेतं का?"

तिनं ते लिहून घेतलं. मग मोबाईलवर तेच फोटो दाखवायला लागली. बाजूनं कोंबड्या चालल्या होत्या, कोणाचा तरी मिक्सर गुरगुरत होता. पोराच्या मायचा फोटो आला, मी पुन्हा गप्प. शेजारची अक्का शेंगा निवडता निवडता वाकून बघत होती. तिला हसू आवरेना.

"ओ बाई, बायकोनं नाव कोन लेस वं? पन्नास वरीसमा आबानी लिधं नही, आते तुना मोबाईलले सांगतीन का?"

बायकोचं नाव आमच्याकडे कोणी घेत नाही, हे मॅडमला तेव्हा कळलं, तिचा पेन थांबला. "आबा, मग तुम्ही खोलीत बोलला का नाहीत?"

"तू म्हणाली, नावच बोला, दुसरं काही नको."

तिनं कपाळाला हात लावला. "बरं, नाव राहू द्या. या कोण?"

"पोराची माय." आणि मग मी थांबलोच नाही. भाकरीच्या कडा कशा जाड ठेवायची, झोपेतही कापसाची ओझी कशी मोजायची, रागावली की भांड्यांचा आवाज कसा बदलायचा. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी मी बोलत होतो. आणि बोलता बोलता मान वळवून मी घरात हाक दिली, "आयकस का, पाव्हनी उनी, चहा टाक."

अक्कानं शेंगांवर मान खाली घातली. मॅडम हळूच म्हणाली, "आबा, हाक कोणाला मारली?"

"तिलाच. ती नाही, ते मला माहीत आहे. माझ्या तोंडाला माहीत नाही."

"खोलीतली चूक मी सुधारते," ती म्हणाली. "पण हे पण लिहावं लागेल."

"लिही. खोटं कशाला?"

चहा मीच केला. गॅस बंद केला, तो मॅडमला दाखवला.

खोलीतला आणि घरचा, दोन्ही कागद वाचून पोराचा फोन आला. "तुम्ही घरात एकटेच बोलता?"

"एकटा नाही बोलत. तिच्याशी बोलतो."

मग पोरगा म्हणाला, "शनिवारी येतो. मीच बघतो."

आला. कागद-पेन नव्हता, पण डोळे मॅडमपेक्षा बारीक. मी गॅस कसा लावतो, गोळ्या कशा घेतो, दाराला कडी घालतो का, सगळं पाहिलं. रविवारी सकाळी अंगावर टॉवेल टाकून तो मोरीकडे निघाला आणि चुलीच्या दिशेनं ओरडला, "माय, पानी तपनं का?"

आणि तसाच उभा राहिला. मी दाढी करत होतो, वस्तरा गालावरच थांबला. आरशात मला तो लहान दिसत होता.

"तपनं," मी म्हटलं. "बादली घे."

सोमवारी तो गेला. नाशिकला चला असं तो काही म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. स्टँडवर गाडी येईपर्यंत आम्ही दोघं केळी खात उभे होतो.