डाव्या बाजूची उसळी

आमची पिकअप मागून उसळायला लागली, तेव्हा आधी घरात भांडणं झाली. मी म्हणायचे, गाडीत काहीतरी बिघडलंय. नवरा म्हणायचा, रस्तेच तसले आहेत. मागचे दोन्ही शॉकअप थोड्याच दिवसांपूर्वी एका गॅरेजात नवे बसवून घेतले होते. ‘नवे आहेत ते’ एवढं म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपायचा.

दुसरा कुठला माल असता तर मीही गप्प बसले असते. आम्ही मधमाश्यांच्या पेट्या नेतो. कांद्याचं बी धरणाऱ्या शेतकऱ्यांना फुलोऱ्यात माश्या लागतात; हर्सूलच्या आमच्या जागेवरून त्यांच्या वावरात पेट्या नेऊन ठेवायच्या, हा आमचा धंदा. पेटीत पोळी लाकडी चौकटींत उभी टांगलेली असतात. जोराचा हबका बसला की पोळं तुटतं, आणि त्याखाली राणी सापडली तर पेटी गेलीच.

त्या दिवशी अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावी पेट्या पोचवायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची दारं जाळीनं बंद केली आणि उजाडता उजाडता निघालो. ऊन चढायच्या आत पोचणं भाग होतं. बंद पेटी तापली की आतल्या माश्या गुदमरून मरतात.

फुलंब्री मागं पडली आणि एका पुलाच्या तोंडाशी रस्ता उखडलेला लागला. नवऱ्यानं गाडी अगदी हळू घातली. तरी मागचा भाग वर गेला, आदळला, परत वर गेला. खड्डा संपला तरी हेलकावे थांबेनात. मी खिडकीतून मागं वळून पाहिलं. वरच्या थरातली एक पेटी कलली होती, झाकण सरकलं होतं आणि माश्या बाहेर येत होत्या.

थोडं पुढं रस्त्याच्या कडेला एक गॅरेज नुकतंच उघडलेलं दिसलं. मिस्त्री पन्नाशीचा, चहा पीत उभा होता. काय झालं ते ऐकत तो गाडीजवळ आला, आणि माश्यांचा आवाज कानावर पडताच मागं सरला.

“भाभी, आधी माशा उतरवा. मग हात लावतो.”

भर रस्त्यात पेट्या कुठं उतरवणार? माणसं जात-येत होती. नवऱ्यानं त्याला समजावून पाहिलं, पण तो काही पुढं येईना. एकदा माश्यांनी त्याच्या भावाला इतकं फोडलं होतं की दवाखान्यात न्यावं लागलं, असं म्हणाला. त्याला कसा दोष देणार? सूर्य वर आला होता. जाळीतून येणारी गुणगुण चढत चालली होती.

“मी जाते खाली,” मी म्हणाले. “काय बघायचं ते तुम्ही लांबून सांगा.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” नवरा म्हणाला.

मी माश्यांपासून वाचवणारा जाळीचा बुरखा आणि हातमोजे घातले. नवऱ्यानं हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावले. मिस्त्रीनं आधी नवऱ्याला मागच्या उजव्या कोपऱ्यावर उभं राहून जोर द्यायला आणि खाली उतरायला सांगितलं. कोपरा दबला, वर आला, थांबला. डावा कोपरा मात्र डुलतच राहिला. “डावीकडं बघा,” मिस्त्री ओरडला.

मी पाठीवर सरकत खाली गेले. डोक्यावर पेट्यांचा सगळा थर होता, वरून मधाचे थेंब गळत होते आणि त्यांच्या मागं माश्या खाली येत होत्या. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शेजारी शॉकअप दिसला. नवाकोरा, कुठं तेल गळलेलं नाही. पण त्याचं खालचं टोक पिनवरून निसटून मोकळंच लोंबत होतं. मी तसं ओरडून सांगितलं.

“पिनवर काय नाय का? नट? रबर?”

“काहीच नाही.”

“पिनचे आटे शाबूत हायेत का? बोट फिरवून सांगा. आटे गेले आसतील तर आता काय होणार नाय.”

ग्रीस आणि मातीनं माखलेली ती पिन मी चिंधीनं पुसली. मग बोट फिरवलं. आटे होते.

त्यानं रबराचं बुश, वायसर, नट आणि पाना एका फडक्यात बांधून जमिनीवरून सरकवून दिले. वर नवरा माश्यांना शांत करणारं धुराडं हाती घेऊन झाकण बसवत होता, दोरी आवळत होता. मी बुश घातलं, शॉकअप खाली ओढून त्याचं टोक पिनवर चढवलं आणि नट फिरवायला घेतला. दोन आटे लागले असतील, तेवढ्यात बाही आणि हातमोज्याच्या मधल्या उघड्या जागेवर माशी डसली. मग आणखी एक. हात सोडला असता तर टोक निसटलं असतं. दात आवळून पाना फिरवत राहिले.

“अजून,” मिस्त्री म्हणत होता. “अजून थोडं.”

बाहेर आले तेव्हा मनगट सुजून टम्म झालं होतं. नवरा डाव्या कोपऱ्यावर चढला, उतरला. कोपरा एकदाच हलला आणि थांबला.

पोचेपर्यंत ऊन लागायला लागलं होतं. वावरात पेट्या मांडून जाळ्या काढल्या तशा माश्या झुंडीनं कांद्याच्या पांढऱ्या गोंड्यांवर गेल्या. कललेल्या पेटीतून मोजक्याच निघाल्या. मी ती उघडली. पोळी एकमेकांवर कोसळली होती आणि तळाशी मेलेल्या माश्यांचा चिकट लगदा झाला होता. राणी सापडली नाही. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. ती पेटी त्यानंच उचलून बाजूला नेली.

परतताना रिकामी गाडी घेऊन आम्ही गॅरेजवर थांबलो. आता मिस्त्री स्वतः खाली शिरला. डावीकडचं वायसर मी उलटं घातलं होतं, ते त्यानं नीट बसवलं. मग उजवीकडं सरकला आणि नवऱ्याला वाकून बघायला सांगितलं. तिकडचा नट तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवत होता.

नवऱ्यानं स्वतः तो नट बोटांनी फिरवून पाहिला. शॉकअप नवे होते, पण बसवताना नटच नीट आवळले नव्हते.

“दर फेरीच्या आधी खाली जाऊन बघायचं,” तो उठत म्हणाला.

“कुणी?”

“मी जाईन,” तो म्हणाला. “तू सांग काय बघायचं ते.”

मिस्त्रीनं दोन्ही नट आवळले, आणि माझ्या मनगटावर लावायला कालवलेला चुना आणून दिला.