मडक्यातला विस्तव
निखाऱ्यावर पाणी पडल्याचा वास आला की मला तलासरीजवळचं ते अंगण आठवतं. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. वर्गातल्या एका मुलीचं घर नव्या रस्त्यात गेलं, म्हणून सामान चढवायला मी गेलो होतो. भांडी, नांगर, कोंबड्यांचं खुराडं, सगळं टेम्पोत चढलं. शेवटी तिची आई चुलीतले निखारे मडक्यात घेऊन आली. नवी चूल जुन्या चुलीच्या विस्तवानंच पेटवायची, अशी त्यांच्या घरची रीत. मी म्हणालो, "ताई, टेम्पोत पेंढा आहे. विझवा ते. तिकडे देतो की काडेपेटी." तिनं तांब्याभर पाणी ओतलं. वाणगावकडच्या नव्या खोलीत मी काडेपेटी पुढं केली, तर म्हणाली, "राहू द्या, सर. आज कोणाला भूक नाही." पुढच्या आठवड्यात धड्यात 'डिसप्लेस' आलं. मी फळ्यावर अर्थ लिहिला: जागेवरून हलवणे. ती मुलगी आता वाणगावहून एसटीनं शाळेत यायची; ती उभी राहिली. "पण सर, हलवलेलं परत ठेवता येतं ना?" मी घाईनं पुढचा शब्द घेतला. अजून दरवर्षी तो धडा येतो, आणि मी तोच अर्थ लिहितो. पुस्तकात तोच आहे.