गाडीला न दिसलेली बाई

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण वाचताना तुमच्या लक्षात येईलच.

मी मूळचा साताऱ्याचा. रेल्वेत ब्रेक तपासण्याच्या नोकरीमुळे चेन्नईत आलो आणि इथलाच झालो. निवृत्तीनंतर नुंगंबाक्कममधल्या एका छोट्या कंपनीने सल्लागार म्हणून बोलावलं. ते आपोआप चालणारी गाडी बनवत होते. शहराबाहेर कुंपण घातलेल्या रस्त्यावर चाचण्या चालत. गाडी स्वतः धावे, पण स्टिअरिंगमागे एक माणूस बसे — धोका वाटला तर ब्रेक दाबायला. त्याने ब्रेक दाबला, की रेकॉर्डिंग पाहून मी निकाल द्यायचा. ब्रेक गरजेचा असेल तर चूक गाडीची, विनाकारण असेल तर माणसाची.

तो माणूस म्हणजे वासुदेवराव, तंजावरकडचे मराठी. माझी बायको गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलणारं चेन्नईत तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"वासुदेवराव, तुमचं मराठी ऐकलं की दरबारात उभं असल्यासारखं वाटतं."

"आणि तुमचं ऐकलं की रेडिओवर बातम्या लागल्यासारखं, सार!"

एका दुपारी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर त्यांनी करकचून ब्रेक दाबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग रोजच. म्हणाले, एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी असते, हातात डबा घेऊन.

रेकॉर्डिंगमध्ये रस्ता रिकामा. सगळ्या कॅमेऱ्यांत रिकामा.

"मी पाहिलों तिला, सार. खोटं कशाला बोलूं? गाडीला दिसेना तर माझी काय चूक?"

"गाडीला दिसत नाही म्हणजे तिथे कोणी नाही. डोळे तपासून घ्या."

मी प्रत्येक वेळी 'विनाकारण' असाच निकाल दिला. डोळे ठीक निघाले... मग डोक्यातच काहीतरी असणार, असं ऑफिसात ठरलं. त्यांना काढलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "तुम्ही तरी एकदा तिथे बसून पाहा, सार."

नवा माणूस मिळेपर्यंत मीच बसायला लागलो. भर दुपार. वळण आलं आणि... ती होती. मोहरीच्या रंगाचं लुगडं, हातात स्टीलचा डबा. गाडी वेग कमी करेना. माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिने वाकून काचेतून आत पाहिलं — या सीटवर दुसरंच कुणी असायला हवं होतं, अशा नजरेने. मग कंडक्टर बस सोडताना मारतो तशी बॉनेटवर थाप मारली. मी उतरलो तर रस्ता रिकामा. बॉनेट इतकं तापलेलं, की मला हात ठेववेना.

रेकॉर्डिंगमध्ये बाई नाही. थापेचा आवाजही नाही.

आता ब्रेक माझा होता आणि निकालही मीच द्यायचा होता. मी लिहिलं — 'गरजेचा'. सल्लागाराला कोण जाब विचारतंय? त्याच वेळी वासुदेवरावांचे निकालही बदलता आले असते. नाही बदलले. बदलले असते तर लोकांनी मलाही डोळे तपासायला सांगितलं असतं.

ती कोण होती, तिथे पूर्वी काय होतं, मी पुष्कळ विचारून पाहिलं. कुणाला काही सांगता आलं नाही. आम्हा दोघांनाच ती का दिसली, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

पुढे टी. नगरला, साड्यांच्या दुकानांमागच्या वासुदेवरावांच्या घरी गेलो. 'भास होणारा ड्रायव्हर' ही गोष्ट सगळीकडे पोचली होती, त्यांना कुणी गाडीवर ठेवत नव्हतं. वहिनींनी कॉफी आणली.

"काय सार, बसून पाहिलांत काय तिथे?"

मी म्हणालो, "नाही हो, जमलंच नाही."

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "असूं दे. कॉफी घ्या, निवेल."

पुन्हा जायचं धाडस व्हायला फार वेळ गेला. गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारणीने तमिळमध्ये सांगितलं, ते वारले, वहिनी मुलीकडे गेल्या. एग्मोरपासून बसमध्ये मनातल्या मनात घोकत आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं — वासुदेवराव, मीही तिला पाहिलं. चूक तुमची नव्हती. मला माफ करा.