भाऊसाहेबांची लाल वही

अंबडच्या आमच्या कारखान्यात इंग्रजी पत्र म्हटलं की ते पुंजाराम भाऊसाहेबांच्या टेबलावरूनच निघायचं. हजेरी, रजा, मेमो, सगळं त्यांच्याकडे. मी शेजारी स्टोअरला, मधे एक काच. त्या काचेवर टिचकी मारून ते दिवसातून दोनदा तरी मला विचारत, "उज्वलाताई, 'मिस्टेक' आणि 'फॉल्ट'. माणूस जास्त अडकतो कशात?" माझ्यापुढे बेअरिंगची खोकी मोजायची पडलेली असायची. मी म्हणायचे, "आधी माझी मोजणी चुकली तर काय लिहाल ते सांगा." ते हसत आणि पुन्हा वहीत डोकं घालत.

वही लांबट, लाल पुठ्ठ्याची. एकेका पानावर जवळच्या अर्थाचे तीनचार शब्द आणि प्रत्येकापुढे त्याचा स्वभाव, मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात. भाऊसाहेब मूळचे येवल्याचे. घरात पैठणीचा माग होता. लहानपणी वडिलांना रेशमाच्या लडी निवडून द्यायचं काम त्यांच्याकडे असे. दोन जांभळे रंग घरात सारखेच दिसायचे, उन्हात नेऊन धरले की फरक कळायचा. शब्दही तसेच धरून बघावे लागतात, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांची टिंगल करायचे, पण त्या वहीने माणसं वाचवलेली मी पाहिली आहेत. लेथवरच्या समाधानकडून कापायला दिलेला एक महागडा जॉब बिघडला तेव्हा साहेबांना मेमोत 'नेग्लिजन्स' हवं होतं. तो शब्द गेला असता तर पोराची नोकरी गेली असती. भाऊसाहेब वही घेऊन केबिनमध्ये शिरले आणि 'ओव्हरसाइट' का लिहायचं हे साहेबांना अर्धा तास समजावून आले. "हलगर्जीपणा वेगळा, नजरचूक वेगळी," असं म्हणत बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. समाधान अजून त्याच लेथवर आहे.

म्हणूनच हिरामणच्या बाबतीत जे झालं त्याचा मला राग येतो, आणि तो कमी होत नाही.

हिरामण सुरगाण्याकडचा, ठेकेदाराचा माणूस, सहा वर्षं पॅकिंगला होता. डोंगराकडच्या पोरांची भाताची लावणी, त्यांची आवणी, जुलैत असते. त्या दिवसांत ती न सांगता गावी जातात आणि पंधरा दिवसांनी चिखलाचे पाय घेऊन परत येतात. कारखान्याने त्यावर तोडगा काढून ठेवला होता. ठेकेदार नावं द्यायचा, भाऊसाहेब कॉम्प्युटरमधला तयार मजकूर काढायचे, त्यात नाव आणि तारीख बदलायची, पत्र गावच्या पत्त्यावर. मजकुरात एक शब्द होता, 'ॲबस्काँडिंग'. परत आलेल्याला पुन्हा कामावर घ्यायचेच, त्यामुळे त्या पत्राचं कुणाला काही वाटत नसे.

हिरामण मात्र दरवर्षी सांगून जाई. काचेशी उभा राहून म्हणे, "भाऊसाहेब, आवणीला जातो." मे महिन्यात पळसाच्या पानात बांधून करवंदं आणायचा, अर्धी त्यांना, अर्धी मला. भाऊसाहेब त्याला बसवून चहा पाजत.

यंदा नऊ जुलैला तो दुसऱ्या पाळीहून सुटला आणि दहाला आला नाही. बाराला ठेकेदाराने सहा नावं दिली, त्यात त्याचं होतं. तेराला सहा पत्रं निघाली. सहाही सारखी.

चौदाला हिरामणची बायको चिमणाबाई भावाला, बुधाला, घेऊन गेटवर आली. आवणी अर्धी झाली, नवरा आला नाही, फोन बंद. पोलिसांत जायचं तर कारखान्याचा कागद हवा. मी त्या दिवशी रजेवर होते. वॉचमनने नाव सांगून कागद हवाय एवढाच निरोप आत दिला, भाऊसाहेब तेव्हा पगाराच्या याद्यांत बुडालेले होते. त्यांनी फाइलमधल्या पत्राची झेरॉक्स काढली, शिक्का मारला आणि वॉचमनच्या हाती बाहेर पाठवली. बस्स, एवढंच केलं त्यांनी.

वीस तारखेला मी जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर गेले तर बाई भिंतीला टेकून बसलेली. बुधा शेजारी उकिडवा. मी ओळख सांगितली तेव्हा तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घडी केलेला कागद काढला. "बाई, यात काय लिवलंय? पोलीस वाचून हसला. म्हनं तुझा नवरा सोताहून पळालाय, दुसरी केली असंल, मन भरलं की येईल. मंग आमी पंचवटीत बाजारात ईचारलं, नाक्यावर ईचारलं, दिंडोरीच्या बागांत फिरलो. आमी त्येला कामावं शोधीत होतो."

मी तो कागद वाचला आणि सरळ आत गेले. काचेवर टिचकी मारली नाही, दार ढकललं आणि कागद त्यांच्यापुढे टाकला. "भाऊसाहेब, हे तुम्ही दिलंत? हिरामणला?"

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "हिरामण? तो तर आवणीला..." ते म्हणाले.

"आवणीला गेलाच नाही. तीच तर विचारायला आली होती."

त्यांनी लाल वही काढली. कशाला काढली देव जाणे, सवयच ती. पान लगेच सापडलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'ॲबसेंट: आला नाही, एवढंच. मिसिंग: त्याला शोधायला हवं. ॲबस्काँडिंग: त्याला पकडायला हवं, त्याच्या मनात खोट असल्याशिवाय लिहू नये.' अक्षर त्यांचंच. खाली तारीख होती, नऊ वर्षांपूर्वीची.

समाधानसाठी हा माणूस केबिनमध्ये अर्धा तास भांडला होता. डोंगरातल्या सहा जणांसाठी त्याने वही उघडलीसुद्धा नव्हती. मी हे तोंडावर बोलले.

मग मात्र ते कामाला लागले. दुसरं पत्र टाइप केलं, त्यात 'मिसिंग' घातलं, त्याच्या गेटपासच्या अर्जावरचा फोटो जोडला, साहेबांची सही आणली. रिक्षा करून आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. जमादाराने पत्र वाचलं आणि या खेपेला तो हसला नाही. त्याने फोन फिरवले. तिसऱ्या फोनला पत्ता लागला.

नऊ तारखेला पाळी सुटल्यावर लिंक रोडवर कुणीतरी गाडीने एका माणसाला उडवून गेलं होतं. सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता. फोन नाही, खिशात काही नाही. आमच्याकडे ठेकेदाराच्या माणसांचा पास सुटताना गेटवर जमा करून घेतात. पास गेटच्या खोक्यात होता आणि दवाखान्याच्या कागदावर नाव होतं 'अनोळखी पुरुष'.

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. वॉर्डातल्या सिस्टरने फोटो पाहून लगेच ओळखलं. तीच रडायला लागली. "काल पहाटे गेले हो. मधले चार दिवस डोळे उघडत होते. काहीतरी बोलायचे, आम्हाला कळायचं नाही. कुणी आत आलं की दाराकडे बघायचे." चिमणाबाईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. फक्त, "काल?" एवढं विचारलं, आणि पुन्हा विचारलं, "काल का?"

ओळख पटवायला बुधा आत गेला. आम्ही बाकावर बसलो. कागदपत्रांना वेळ लागणार होता. चिमणाबाईने पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही पत्रं काढली, एकाशेजारी एक ठेवली आणि भाऊसाहेबांकडे वळली.

"भाऊसाहेब, दोन्हीवं त्येचं नाव हाय, दोन्हीवं शिक्का हाय. मंग यात फरक काय?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कुणी न विचारताच दिलं, तोच तिने विचारला होता. मला वाटलं ते काहीतरी गुळमुळीत बोलतील. त्यांनी तसंच बोलावं अशीच मी मनातून इच्छा करत होते, कारण खरं ऐकवत नव्हतं. पण त्यांनी पहिल्या पत्रावर बोट ठेवलं. "यात मी लिहिलं, तो पळून गेला. आणि यात लिहिलं, तो हरवलाय, त्याला शोधा."

ती पहिल्या पत्रातल्या त्या शब्दाकडे बघत राहिली, जणू तिला तो वाचता येणार होता. मग तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच समजून घ्यायचं होतं तिला.

"पन तुमी त्येला वळखत होता ना?"

बुधा बाहेर आला आणि त्याने 'तोच आहे' अशी मान हलवली. चिमणाबाईने दोन्ही कागदांच्या घड्या केल्या, प्लॅस्टिकमध्ये सारख्या लावून ठेवल्या आणि उठून आत गेली.