फ्लेक्समागचा फलक

नव्या फ्लेक्सचा तो उग्र, रॉकेलसारखा वास नाकात गेला की लालबागच्या आमच्या गल्लीतली ती दुपार आठवते आणि डोकं तापतं. पालिकेने गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवले आणि पहिल्याच गणपतीत ते डुगडुगायला लागले. आई दूर्वा आणायला निघाली, एक ब्लॉक पायाखाली कलंडला आणि तिचा उजवा हात मोडला. हे काम केलं कुणी ते बघायला मी आणि शेजारचे काका गल्लीच्या तोंडाशी गेलो, कारण कंत्राटदाराचं नाव, खर्च आणि हमीची मुदत लिहिलेला फलक तिथे असायलाच हवा. फलक होता, पण त्याच्यावर नगरसेवक साहेबांच्या आभाराचा भलाथोरला फ्लेक्स बांधलेला. काकांनी सुतळी सोडायला घेतली तशी मंडळाची पोरं धावत आली. “काका, साहेबांच्या फोटोला हात नाय लावायचा.” काकांनी लावला. मागच्या फलकावर कंत्राटदार, खर्च, हमी हे सगळे शब्द सुबक रंगवले होते आणि प्रत्येकापुढे कोरा पत्रा. वॉर्ड ऑफिसात इंजिनीअर चहा फुंकत म्हणाला, “फलक लावायचा नियम आहे. लावलाय ना?” आम्ही परत येईपर्यंत पोरांनी फ्लेक्स पुन्हा ताणून बांधलाही होता. आज तिथेच नवा फ्लेक्स चढलाय. आईचा तो हात अजून नीट वळत नाही, आरती झाल्यावर नमस्काराला दुसऱ्या हाताशी जुळत नाही. फ्लेक्सवर मात्र सगळे हात जोडून उभे आहेत, हसत.