खुंटावरचा दुसरा फास

बुवाचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून यायचं. पालिकेच्या होडीधक्क्यावर तो एकतीस वर्षं रखवालदार होता, आणि एवढ्या वर्षांत त्यानं किती जणांच्या कानाखाली आवाज काढला याचा हिशेब त्याच्याकडेही नव्हता. नियम मोडणाऱ्याची पावती फाडा, असं पालिकेनं लेखी दिलेलं. बुवा पावती फाडत बसायचा नाही, माणूसच फाडायचा. "पावती खिशात राहते," म्हणायचा, "थोबाडीत बसलेली डोक्यात राहते."

त्याचं नाव वेगळंच होतं. उठता-बसता नियम, नियम, म्हणून आधी लोक त्याला नियमबुवा म्हणायला लागले आणि मग नुसताच बुवा. धक्क्याच्या तोंडाशी बावीस नियमांची पाटी होती, ती त्यानंच रंगवलेली. धक्क्यात शिरताना वेग माणसाच्या चालीइतका. तीन दिवसांच्या वर मुक्काम नाही. होडीत चूल पेटवायची नाही. वापरलेलं तेल पाण्यात ओतायचं नाही. एकदा एका धिप्पाड माणसानं पाटीकडे बघत-बघत तेलाचा डबा पाण्यात उपडा केला. बुवानं त्याची मान धरली आणि त्याच पाण्यात तीनदा बुडवली, दर वेळी "लागतं का गोड?" असं विचारून. तो गडी चौथ्या दिवशी चार भाऊ घेऊन आला. बुवाचे पुढचे दोन दात गेले, त्यांच्यातल्या एकाचा हात मोडला, पण तेल ओतणं कायमचं बंद झालं. ही हकीकत बुवा भलत्याच कौतुकानं सांगायचा, दातांच्या फटीतून शिट्टी मारत.

घरी मात्र त्यानं कधी बोटसुद्धा उगारलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच लेक, तिला दोराच्या गाठी मारायला त्यानंच शिकवलं आणि आता ती पलीकडच्या काठावर माणसं पोचवणारी लाँच चालवायची. तिच्या लाँचचा दोर त्यानं स्वतः पुढच्या कडीत कायमचा गुंफून दिला होता, म्हणजे त्या टोकाची गाठ सुटायलाच नको. लेक त्याला सारखी टोकायची. "बाबा, आधी विचारत जा हो, मग मारा." बुवा म्हणायचा, "विचारलं की खोटं बोलतात. मग दोनदा मारावं लागतं."

सगळ्यात जास्त थोबाडं रंगली ती सात नंबरच्या नियमावरून. धक्क्यावर लोखंडी खुंट थोडे आणि होड्या फार, म्हणून एका खुंटाला दोन होड्या बांधायच्या. पहिल्या होडीच्या दोराचा फास खुंटात असेल, तर दुसऱ्यानं आपला फास नुसता वरून टाकायचा नाही. पहिल्या फासाच्या आतून, खालून वर काढायचा आणि मग खुंटात घालायचा. तसं केलं की कुणीही आधी निघो, दुसऱ्याच्या दोराला हात लावावा लागत नाही. वरून टाकला की खालचा अडकला. एवढीशी गोष्ट, पण बुवाच्या लेखी ते पाप होतं. तरुणपणी त्यानं एक होडी अशीच अडकून वादळात धक्क्यावर आपटताना पाहिली होती, आतल्या माणसासकट.

आणि हे पाप सगळ्यात जास्त वेळा केलं ते सुसाटनं. सुसाट म्हणजे होड्यांना बर्फ पोचवणारा तिशीचा गडी. बर्फ वितळतो म्हणून घाई, घाई म्हणून सुसाट. सात नंबरसाठी त्यानं सतरा थोबाडीत खाल्ल्या होत्या, त्यानंच मोजलेल्या. तरी दात काढून विचारायचा, "काय बुवा, अठरावी कधी?"

"तू फास टाक गाढवा, लगेच देतो."

खरं तर दोन वर्षांपासून सुसाट फास अगदी नेमका घालत होता. पण एकदा माणसाचं नाव खराब झालं की झालं. धक्क्यावर कुठेही फास वर दिसला की लोक म्हणायचे, सुसाट येऊन गेला वाटतं.

त्या महिन्यात धक्का आधीच पेटलेला होता. जागेवरून दोघांची जुंपली आणि एकानं मासे साफ करायची सुरी दुसऱ्याच्या पोटात घातली. तो फळ्यांवरच गेला. रक्त धुवायला बुवाला बारा बालद्या लागल्या. त्यानं त्याच दिवशी झाडून सगळ्यांच्या सुऱ्या काढून घेतल्या आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या खोलीत पेटीत बंद केल्या. "पातं दिसलं तर मनगट मोडीन," म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं, कारण तो खरंच मोडायचा.

मग ती सकाळ आली. दहा वाजले होते. लेकीची लाँच चार नंबरच्या खुंटाला होती आणि आत सुसाटची म्हातारी आई बसली होती. तिचं कमरेचं हाड मोडलेलं. चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि हलू नये म्हणून खुर्ची बाकाला बांधली होती. पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ऐन वेळी सुसाटच्या लक्षात आलं, एक्स-रेचं पाकीट घरीच राहिलं. घर किनाऱ्यालाच, म्हणून तो आपली होडी घेऊन गेला आणि आई निघायच्या आत पोचायचं म्हणून परत आला तो सुसाटच.

बुवा नुकताच आपल्या खोलीकडून आला होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं पाहिली ती फक्त लाट. ती धक्क्यात शिरली आणि होड्या एकमेकींवर आदळल्या, एकीची कड तडकली. सुसाटनं शेवटच्या क्षणी इंजिन उलटं टाकलं, तरी होडी धक्क्याला धडकलीच. मागचा पेट्रोलचा डबा तापलेल्या इंजिनाशेजारी कलंडला, तो कुणी पाहिला नाही. सुसाट दोराचा फास एका हातात आणि पाकीट दुसऱ्या हातात घेऊन वर उडी मारून आला.

"बुवा, आई—" एवढंच म्हणाला.

बुवाची मूठ त्याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. दुसरी नाकावर बसली. सुसाटच्या हातातला फास खाली पडला आणि उलट्या चालणाऱ्या इंजिनामुळे होडी मागे जायला लागली, दोर फळ्यांवरून सरपटत निघाला. बुवानं त्यावर पाय दिला, एका हातात सुसाटची कॉलर तशीच धरली आणि दुसऱ्या हातानं फास उचलून चार नंबरच्या खुंटावर फेकला. वरून. लेकीच्या फासावर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि परत वळला, काठी घेतली, आणि सुसाटच्या पाठीत, खांद्यावर, गुडघ्यावर घालत सुटला. "चालीइतका वेग म्हणजे काय ते दाखवतो तुला! चालता यायचं नाही आता!" पाकीट उडून पाण्यात गेलं. बघे जमले. सगळ्यांचे डोळे माराकडे होते, खुंटाकडे पाहत होती ती एकटी लेक.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, आग!"

सुसाटच्या होडीचा मागचा भाग भडकला होता. वाऱ्यानं ती लाँचला जाऊन चिकटली. लाँच दोराच्या टोकाला धक्क्यापासून लांब तरंगत होती, ओढून जवळ आणावी तर जळती होडीही सोबत येणार आणि अख्खा धक्का पेटणार. करायला एकच गोष्ट होती, लाँच सोडायची. लेकीचा फास खुंटातून काढला की झालं. आणि तो निघेना. वर सुसाटचा दोर होता, इंजिन त्याला मागे खेचत होतं, आणि दोर लोखंडासारखा ताठ झाला होता.

"सुरी! सुरी आणा रे!" कुणीतरी बोंबललं. कुणाच्याच कमरेला सुरी नव्हती. एक जण बुवाच्या खोलीकडे धावला, पण पेटीची किल्ली बुवाच्याच कमरेला होती. लाँचवर लेक कडीतला दोर नखांनी ओरबाडत होती. बापानं गुंफलेला होता, सुटतो कसला! "पोरी, तू उडी मार पाण्यात," म्हातारी तिला म्हणत होती. लेक हलली नाही. तिच्या बाहीनं पेट घेतला, ती तिनं मांडीवर आपटून विझवली आणि पुन्हा दोराला लागली.

बुवानं उजव्या हाताची बोटं ताठ दोराखाली घातली आणि सगळा जीव लावून उपसलं. होडीला हिसका बसला. दोन बोटं खुंट आणि दोराच्या मध्ये चिरडली, त्याला हाडांचा आवाज ऐकू आला. तो किंचाळला, पण हात काढला नाही.

सुसाट फळ्यांवर पालथा पडला होता. त्यानं मान वर करून खुंट पाहिला, मग लाँच पाहिली. उठला, लंगडत दोन पावलं गेला आणि पाण्यात उडी टाकली. पोहत जाऊन जळत्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर चढला. धुरात वाकून मागे सरकला. केस पेटले तरी सरकला. इंजिनाचा दांडा त्यानं उलट्यावरून मध्ये आणला, ओढ थांबली आणि दोर एकदम सैल पडला.

बुवानं वरचा फास काढला, खालचा काढला. लोकांनी लांब बांबूंनी लाँच रेटली. ती चार हात गेली, दहा हात गेली. सुसाट उभा राहिला, उडी मारण्यासाठी गुडघे वाकवले, आणि पेट्रोलची टाकी फुटली. मग त्या होडीत उभं असं काही उरलं नाही. म्हातारीचं तोंड नेमकं तिकडेच होतं.

फास खालून घातलेला असता, तर लेकीनं हाक मारल्याबरोबर लाँच सुटली असती आणि सुसाटला जायची गरजच पडली नसती. हे बुवाला कुणी सांगायला नको होतं.

चार दिवस लेक त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या हाताची पट्टी बदलायची, ताट वाढायची, आणि निघून जायची. पाचव्या दिवशी पालिकेत चौकशी होती. दारात चपला घालताना ती म्हणाली, "वरचा फास कुणाचा, ते तुम्ही सांगणार की मी सांगू?"

बुवाला भीती वाटत होती, आयुष्यात पहिल्यांदा. नोकरी जाईल, तुरुंगात खडी फोडायला जावं लागेल, एकतीस वर्षं ज्यांना झोडपलं ते थुंकतील. आणि गप्प राहिलं, तर लेक जाईल.

पालिकेच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि भिंतीला लावलेली बाकं होती. म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. साहेबांनी तयार कागद वाचला. "मृतानं वेगमर्यादा मोडली. तसंच नियम सात मोडून आपला फास वरून टाकला, त्यामुळे लाँच अडकली." त्यांनी कागद बुवाकडे सरकवला. "डाव्या हातानं सही केलीत तरी चालेल."

तेवढ्यात म्हातारी बोलली. "बुवा, रागावू नका हो त्याच्यावर. तुम्ही सतरा वेळा शिकवलंत. मेला शेवटपर्यंत गाढवच राहिला. लेकरू गेलं आता, माफ करा त्याला."

लेक त्याच्याकडे पाहत होती, नजर न हलवता.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या लेकराला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. फास मी टाकला. त्याला मारायच्या नादात टाकला. पाकीट घेऊन तुमच्यासाठीच धावत आला होता, आणि मी विचारलंसुद्धा नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

म्हातारीनं विचारलं, "या चुकीसाठी माझ्या लेकराला सतरा वेळा मारलंत ना?"

"हो."

"आणि तुम्हाला कुणी मारलं?"

"कुणीच नाही, मावशी."

काठी त्याच्या बगलेत होती. ती त्यानं डाव्या हातानं काढून तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून पाठ वाकवली. म्हातारीनं दोन्ही हातांनी काठी उचलली. साहेब खुर्चीतून उठले. "अहो, हे काय चाललंय? पालिकेत असलं चालणार नाही!"

"बसा साहेब," लेक म्हणाली. ती रडत होती, पण दाराशी आडवी उभी राहिली.

पहिला घाव बसला, मग दुसरा. मोठ्यानं मोजत होती म्हातारी. पाचाला तिचा दम संपला, कंबर धरून ती खुर्चीत मागे टेकली, तोंडानं श्वास घेत राहिली.

"होतंय का, मावशी?" बुवानं मान खालीच ठेवून विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून बारा आहेत."

बुवा वाकून थांबला.